सब्ज्याचा फोटो

नागपूर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय कामिल,

अस्सलामु अलैकुम.

परवा तू फोन केलास तेव्हा मला फक्त 'हॅलो आपा, हॅलो आपा' एवढंच ऐकू आलं आणि मी आपली 'बरी आहे, बरी आहे' म्हणत राहिले. तू भलतंच काही विचारत असशील तर माफ कर. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि लेकाच्या, सादच्या मोबाइलवर मेसेज पाठवलास तर तो घरभर मोठ्यानं वाचला जातो. तेव्हा तू आता पत्रच लिही. शाळेत पोरांना 'मामास पत्र' शिकवण्यात माझी अख्खी नोकरी गेली, सख्ख्या भावाकडून दोन पानं वसूल केल्याशिवाय मी सोडणार नाही.

दोन कामं आहेत. पहिलं तुझ्या धंद्यातलं. सूनबाईंना, म्हणजे मेहकला, गॅलरीत ते नकली गवत टाकायचं आहे. मुबशिरा दिवसभर फरशीवर उड्या मारते आणि गुडघे फोडून घेते. नातीच्या गुडघ्यांपुढं माझं काही चालत नाही. इथले दुकानदार सगळ्याच मालाला एक नंबर म्हणतात. तू विकायचं म्हणून सांगू नकोस, भाऊ म्हणून सांग. चांगलं कसं ओळखायचं?

दुसरं काम अम्मीचं. शबे-बरात जवळ आली. तुम्ही सगळे कबरस्तानात जाल, झाडलोट कराल, फुलं वाहाल. अम्मीच्या कबरीवरचा सब्जा कसा आहे? मी कोल्हापुरात होते तेव्हा डब्यात रोपं वाढवून फाटकापर्यंत आणायची आणि पुढं तू आत न्यायचास. आपल्याकडं बायका आत जात नाहीत, त्यामुळं अम्मीची कबर मी आजवर पाहिलेली नाही. तिथलं जे काही पाहते ते तुझ्या डोळ्यांनी. अम्मी काय म्हणायची आठवतं ना? कबरीवरची पालवी जोवर ओली, तोवर ती अल्लाहचं नाव घेते आणि खालच्या माणसाला थंडावा मिळतो. अब्बांसाठी ती दरवर्षी बी राखायची. तेच बी मी निघताना तुला पुडीत बांधून दिलं आहे.

दर जुम्म्याला पाणी घालतोस ना? एक फोटो काढ आणि छापून पाठव.

तुझी,
फातिमाआपा

---

राजारामपुरी, कोल्हापूर,
२७ जानेवारी

प्रिय आपा,

वालेकुम अस्सलाम. फोनवर मी विचारत होतो की तुझा पाय दुखायचा थांबला का, आणि तू 'बरी आहे' म्हणालीस, म्हणजे आपलं बोलणं नीटच झालं म्हणायचं.

दुकानात सध्या मान वर करायला सवड नाही. कागलला एका मंगल कार्यालयाचं अंगण चालू आहे, वडगावात पोरांचं क्रिकेटचं मैदान. मी आणि कृष्णात दोघंच. तो रोल उलगडतो आणि मी कापतो. संध्याकाळी दोघांची कंबर सरळ होत नाही.

आता गवताचं. दुकानदार सगळ्यात आधी उंची सांगेल. 'मावशी, हे बघा केवढं दाट आणि उंच.' उंचीला भुलू नकोस. तुकडा हातात घ्यायचा आणि उलटा दुमडायचा. दुमडीतून खालचं काळं कापड दिसलं तर माल विरळ आहे. मग तळवा दाबून धरायचा आणि सोडायचा. पाती परत उभी राहिली पाहिजेत, आडवी पडून राहिली तर महिन्याभरात त्याचं कांबळं होतं. पाठीमागं भोकं आहेत का बघ, पाणी खाली जायला. भोकं नसली तर खाली कुजट वास मारतो. ओलं पांढरं फडकं घासून बघ, रंग लागला तर तिथून उठायचं.

आणि खरी मेख सांगतो. एकसारखं पोपटी, चकाकणारं गवत हलकं समजायचं. खऱ्या गवतात थोडं वाळलेलं असतंच. म्हणून चांगल्या मालात बुडाशी तपकिरी, कुरळे धागे मुद्दाम घातलेले असतात. लांबून बघणाऱ्याला कळत नाही, पण डोळ्याला ते खरं वाटतं. नकलीला खरं दिसायचं असेल तर त्यात थोडं मेलेलं घालावं लागतं बघ.

सोबत दोन तुकडे पाठवतोय. तपकिरी धाग्यांचा आहे तो माझ्याकडचा सगळ्यात चांगला. मेहकला दाखव.

सब्जा ठीक आहे.

तुझा,
कामिल

---

नागपूर,
४ फेब्रुवारी

प्रिय कामिल,

तुकडे मिळाले. मेहकनं ते दुमडले, दाबले, फडक्यानं घासले आणि मग म्हणाली, 'मामूंनी तर परीक्षाच घ्यायला लावली.' तपकिरी धाग्यांचाच पसंत पडला. साद रोल मागवून घेईल. दुसरा तुकडा मुबशिरानं बाहुलीला अंथरलाय आणि तुझा चांगला तुकडा मी माझ्या टेबलावर ठेवलाय. हात फिरवला की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. प्लॅस्टिकवर अख्खं पान आणि अम्मीवर दोन शब्द. वर्गात असतास तर अंगठे धरून उभा केला असता. 'ठीक आहे' म्हणजे काय? मंजिऱ्या आल्या का? पानं केवढी आहेत? कडेनं पसरलाय का? थंडीत तो आळसावतो, तेव्हा पाणी थोडं पण नेमानं लागतं.

बरातीला फोटो काढायचाच. मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुझी,
आपा

---

राजारामपुरी,
१६ फेब्रुवारी

प्रिय आपा,

बरात चांगली झाली. मी दुपारीच जाऊन झाडून काढलं, दगड धुतले, अब्बांच्या आणि अम्मीच्या कबरीवर गुलाब वाहिले. फातिहा पढताना तुझं नाव घेतलं.

फोटो सोबत आहे. सगळी कबर यावी म्हणून जरा लांबून काढलाय. सब्जा चांगला पसरलाय. मधेमधे हरळीपण उगवलीय, ती मी उपटली नाही, हिरवं ते हिरवंच म्हणून राहू दिली. वरून फुलं पडल्यानं पानं नीट दिसत नाहीत. मीरासाबचाचा अजून आहेत राखणीला. ते बघून म्हणाले, 'लई झ्याक दिसतंय की. ह्या दिसांत असं हिरवं कुणाचंच न्हाय.'

तेव्हा आता तू घोर लावून घेऊ नकोस. स्वतःच्या पायाला तेल लाव. तुमच्या गॅलरीचं काम झालं का? पाती घराच्या दिशेला झुकतील असं टाकायला सांग, म्हणजे आतून बघताना दाट दिसतं.

तुझा,
कामिल

---

नागपूर,
२५ फेब्रुवारी

प्रिय कामिल,

तुला काय लिहू. फोटो हातात घेतला आणि मी रडले. साद धावत आला, त्याला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, अरे गेलं नाही, दिसलं. इतकी वर्षं फाटकाशी उभी राहून जी जागा मी मनानंच रचली होती, ती अशी आहे तर. डाव्या बाजूला चिंच आहे हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

आणि हिरवी किती! माझ्या हाताखाली फेब्रुवारीत सब्जा कधी असा राहिला नाही. मंजिऱ्या दिसत नाहीत, म्हणजे तू खुडतोस. बरोबर करतोस, त्यानं तो फुटतो. हे तुला कोणी शिकवलं? लहानपणी तुला पाणी आणायला पाठवलं तर तू घागर विहिरीवर ठेवून फुटबॉल बघायला जायचास. कोल्हापूर सोडताना माझा जीव त्या एका गोष्टीसाठी अडकला होता. मनात म्हणायची, कामिल मनानं चांगला आहे, पण त्याच्यानं नेम व्हायचा नाही. तुझ्याबद्दल असं वाटलं याची मला लाज वाटते. मला माफ कर.

फोटो मी टेबलावर ठेवलाय. शेजारच्या संयोगिताताई आल्या, त्यांनाही दाखवला. त्या म्हणाल्या, असा भाऊ नशिबानं मिळतो.

गॅलरीत गवत बसलं. मुबशिरा त्यावर लोळते. सगळे खूश आहेत.

तुझी,
आपा

---

राजारामपुरी,
२६ मार्च

प्रिय आपा,

उत्तराला उशीर झाला. रोजे आणि धंदा, दोन्ही एकदम. ईदसाठी तुला आणि मेहकला कापड पाठवतोय, मुबशिराला फ्रॉक.

तू माझी माफी वगैरे मागू नकोस. तसं लिहीत जाऊ नकोस. आणि तो फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू नकोस, नजर लागते. कपाटात ठेव. उजेडानं रंगही उडतो.

जास्त लिहीत नाही. तब्येत सांभाळ.

कामिल

---

नागपूर,
२२ एप्रिल

कामिल,

इथं उन्हाळा पेटलाय. परवा दुपारी मुबशिरा गॅलरीत अनवाणी गेली आणि किंचाळत आत आली. तळव्यांना फोड आलेत. मला वाटलं काही सांडलं असेल, म्हणून बघायला मी पाऊल टाकलं. तुझं चांगल्यातलं गवत तव्यासारखं तापलं होतं. मेहकनं बादलीभर पाणी ओतलं, थोड्या वेळानं ते पुन्हा तसंच.

तू मला दुमडायला शिकवलंस, दाबायला शिकवलंस, पण हे उन्हात तापतं हे सांगितलं नाहीस.

पोरीच्या पायाला मलम लावून मी टेबलाशी बसले. समोर तुझा तुकडा होता आणि त्याला टेकवून अम्मीचा फोटो. मी भिंग काढलं. पेपर वाचायला लागतं ते. फोटोतली पाती सगळी एकाच दिशेला झुकलेली आहेत. बुडाशी तपकिरी, कुरळे धागे आहेत.

खरं सांगू? मला आधीच दिसत होतं. सब्जा वाढवण्यात माझा जन्म गेला, मंजिरी खुडलेल्या फांदीला बाजूनं दोन फुटवे येतात हे मला कळत नाही का? मला दिसत होतं, पण मला बघायचं नव्हतं. तू केलंस हे मला फार हवं होतं.

रागावले नाही असं लिहायला बसले होते. पण रागावले आहे. तू वाळला म्हणून लिहिलं असतंस तर मी चिडले असते, शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी विसरले असते. अरे, तिला थंडावा मिळावा म्हणून जे लावायचं, त्या जागी तू हे अंथरलंस. आता इथं दुपार झाली की मला दुसरं काही सुचत नाही.

आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? गॅलरीत माझे डबे होते. तुला दिलेल्या पुडीतलंच अर्धं बी मी इथं आणून लावलं होतं, चांगलं उगवलं होतं. गवत बसवायचं ठरल्यावर मेहकनं विचारलं, 'अम्मी, हे डबे कुठं ठेवायचे?' मीच म्हणाले, टाकून दे, तिकडं कामिल लावतोय की. सुनेच्या घरात अडचण नको म्हणून मी उदार झाले. ती बिचारी ठेवूया म्हणाली होती. तुझा फोटो टेबलावर आला आणि त्याच आठवड्यात डबे गेले. म्हणजे अम्मीचं बी आता फक्त तुझ्या पुडीत आहे.

फोटो आणि तुकडा परत पाठवते आहे.

फातिमा

---

राजारामपुरी,
३० मे

प्रिय आपा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. फोटो आणि तुकडा पुढ्यात ठेवून कितीदा बसलो, पण कागदावर काही उतरेना. आज सगळं लिहितो. मग तू काय म्हणशील ते कबूल.

तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच सब्जा वाळून काड्या झाला होता. पाऊस थांबल्यावर मी एकदा दोनदा गेलो असेन. आज जातो, उद्या जातो म्हणत राहिलो. लोकांच्या अंगणात हिरवं करत फिरत होतो आणि वाटेवर कबरस्तान लागलं की गाडी जोरात काढायचो. बरातीच्या दिवशी काड्या बघितल्या आणि मला तुझं तोंड दिसलं. दुकानात आलो आणि कृष्णातला सगळ्यात चांगल्या रोलचा तुकडा कापायला सांगितला. त्यानं विचारलं, 'मालक, एवढूसा कुणाच्या गॅलरीला?' मी म्हटलं, आहे एक गिऱ्हाईक.

आपा, हलका माल नाही वापरला. हे लिहिताना मलाच माझी कीव येते, पण तेव्हा मला तेवढाच आधार वाटला. अम्मीसाठी काटकसर केली नाही, असं मी मनाला सांगत होतो. एरवी आम्ही कडेनं खिळे ठोकतो. तिथं हात धजला नाही. कडेला नुसते दगड ठेवले.

मीरासाबचाचांचं बोलणं मी तुला अर्धंच लिहिलं होतं. ते पुढं म्हणाले, 'आन् पाणी घालायची बी कटकट न्हाय.' नंतर एकजण दुकानात आला, चाचांनीच पाठवला होता. त्याला बापाच्या कबरीवर तसंच टाकायचं होतं. मी म्हटलं, माल संपला. मागं रोलच्या थप्प्या लागल्या होत्या. तो गेल्यावर कृष्णात माझ्याकडं बघत राहिला, आणि तेव्हा मला कळलं की मी काय केलंय हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

बी तरी लावावं म्हणून तुझी पुडी शोधली. दुकानाचा खण, घरातलं कपाट, सगळं उचकलं. मार्चमध्ये दुकानाला रंग दिला तेव्हा जुनं सामान फेकलं, त्यात गेली असणार. तू लिहिलंस की आता ते फक्त माझ्याकडं आहे, आणि ते माझ्याकडंही नव्हतं. म्हणून मी महिनाभर गप्प बसलो. ते पत्र येताच जाऊन गवत काढायला हवं होतं. पण काढलं की खाली उघडी माती दिसणार आणि पुडी हरवल्याचं तुला लिहावं लागणार, म्हणून तेही पुढं ढकललं. मधे इथं अवकाळी पाऊस लागला, आठवडाभर हटेना.

काल उघडीप होती. गेलो. दगड बाजूला केले आणि गवताची कड धरून वर उचलली.

आपा, खाली सब्जा होता. वाळताना त्यानं बी तिथंच टाकलं होतं. चांगल्या मालाला पाठीमागं भोकं असतात, मीच तुला लिहिलं होतं. त्यातून पाणी खाली गेलं आणि सगळं बी रुजलं. पण उजेड कुठला? पांढरे, लांब, सुतासारखे देठ, वरच्या टोकाला पिवळी टिकली. सगळे मातीला चिकटून सरपटत कडेकडं निघाले होते, जिथून थोडं दिसत होतं तिकडं. बरेचसे कुजले होते. मी त्यांना हात लावला तर बोटाला चिकटून आले.

मी पुडी हरवली, पाणी घातलं नाही, वरून झाकलं. तरी ते उगवलं होतं. मी काहीच केलं नसतं आणि नुसता घरी बसलो असतो, तर आज अम्मीची कबर आपोआप हिरवी असती. मी तिथंच बसून रडलो. मीरासाबचाचा लांबून बघत होते, ते जवळ आले नाहीत.

कडेला दोन दगडांच्या फटीत एकच रोप बाहेर आलंय. ते हिरवं आहे. बोटभर. पान चुरगाळून बघायचा धीर झाला नाही, पण खाली वाकलो तर वास आला.

बाकीच्यांतली जगतील तेवढी मी मातीच्या भरीनं उभी केलीत, वर काटक्यांची सावली केलीय. उनानं करपतील का वाचतील, ठाऊक नाही. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन आलो. हे मी आधी खोटंही लिहू शकलो असतो आणि तू खरं मानलं असतंस. आता मानशील असं म्हणणार नाही.

तुझा राग गेला का, एवढं मात्र कळव.

कामिल

---

नागपूर,
९ जून

प्रिय कामिल,

बकरी ईद मुबारक. दोन दिवस उशिरानं देते आहे.

राग गेला का विचारलंस. नाही गेला. थोडा तुझ्यावर आहे, थोडा माझ्यावर. या वयात राग लवकर निघत नाही, गुडघ्यातल्या दुखण्यासारखा तो बसून राहतो. पण तुझं पत्र मी उशाशी ठेवलंय आणि तेव्हापासून मला दुपारची झोप लागते.

वर काटक्या घातल्यास ते बरं केलंस. सावली एकदम काढू नकोस, रोज थोडी थोडी विरळ कर. पाणी मुळाशी घाल, पानांवर नको. जे मेलं ते तिथंच मातीत राहू दे, उपटत बसू नकोस.

मेहकला मी सगळं वाचून दाखवलं. ती संध्याकाळी सुरी घेऊन गॅलरीत गेली आणि कोपऱ्यातलं गवत डब्याच्या तळाएवढं कापून काढलं. कडा वाकड्यातिकड्या झाल्यात, तुला बघवणार नाहीत. डबा रिकामाच आहे. मुबशिरा रोज त्यात डोकावते आणि विचारते, दादी, यात काय येणार.

दगडांमधल्या त्या रोपाला या पावसात मंजिरी येईल. ती पूर्ण वाळू दे, मगच हातावर झटक आणि चिमूटभर बी पाकिटात घालून पाठव. फोटो मात्र पाठवू नकोस. बी इथं उगवलं की मला कळेल.

तुझी,
आपा